छेरछेऱ्याची ज्वारी

पौष लागला की छत्तीसगढातल्या आमच्या गुढियारी बाजारपेठेचा वास बदलतो. एरवी इथं डिझेल, कांदे आणि ओल्या पोत्यांचा मिळून एक दर्प असतो. या दिवसांत त्यावर नव्या तांदळाचा कोंडा बसतो. मालधक्क्यावर वाघिणी लागलेल्या, ट्रकमागे ट्रक, आणि हमालांच्या मानेवर, भुवयांवर, टपरीवरच्या चहाच्या ग्लासावरसुद्धा बारीक पिवळट धूळ. मी सकाळी शंकर नगरला कामावर निघतो तोवर ती माझ्या बुटांवरही येऊन बसलेली असते. फौजेतून पेन्शनीत आल्यापासून मी तिथल्या एका कचेरीत सुपरवायझर आहे. सुपरवायझर म्हणजे, बाकीचे गार्ड साहेबांच्या गाडीला सलाम ठोकतात की नाही ते बघणारा. बूट चकचकीत लागतात. पण या दिवसांत बूट पुसायला फडकं घेतलं की हात तसाच राहतो आणि मन भलतीकडेच जाऊन बसतं.

छेरछेरा जवळ आलेला असतो.

आमच्या मूळच्या मुलखातल्या मराठी माणसाला हा सण सांगावा लागतो. पौष पौर्णिमेला, धान घरात येऊन पडलं की, छत्तीसगढात लहानथोर सगळे झोळ्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. ज्याच्या घरी खायला नाही तोही फिरतो आणि ज्याची कोठी भरलेली आहे तोही फिरतो. दारात उभं राहून ‘छेरछेरा’ म्हणायचं, आतून कोणीतरी सूप घेऊन येतं, मूठभर धान झोळीत पडतं, पुढचं दार. त्या दिवशी मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. एवढाच काय तो नियम.

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. वडील रेल्वेत होते म्हणून इथं आलो आणि इथलेच झालो. भाकरी सुटली, भात लागला. बाजारात छत्तीसगढी बोलायला लागलो. माझी मुलगी तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हिंदीतच देते. सगळं उचललं आम्ही इथलं. छेरछेरा मात्र अर्धाच उचलला. द्यायचं, पण मागायला जायचं नाही. लहानपणी एकदा मी शाळेचं दप्तर रिकामं करून पोरांच्या घोळक्यात घुसलो होतो, तर आईनं बखोट धरून परत आणलं. म्हणाली, “आपन देतो. आपल्या घरात कोनी कोनापुढं पदर पसरला नाही.” आणि दप्तर पुन्हा भरायला लावलं.

आईचं देणं बघण्यासारखं असतं, हे मान्य करायला हवं. आता शहरात लोक छेरछेऱ्याला टॉफ्या देतात, सुटे पैसे देतात. आईला ते चालत नाही. दुकालूभैयाला सांगून ती गावाकडचं धानच मागवते. दुकालू मालधक्क्यावर हमाली करतो, आमच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहतो, आणि छेरछेऱ्याला पाऱ्यातली मंडळी त्याच्याच मागे निघतात. सकाळी आई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून दारात पाट टाकून बसते. पुढ्यात भरलेलं सूप. मूठ घट्ट नाही, सांडेल इतकी भरलेली. आणि मी परदेशातून आल्यापासून प्रत्येक मुठीबरोबर एक वाक्य: “माह्या पोरानं तर तिकडं आफ्रिकेत उपाशी लोकायले जेवू घातलं.”

ते वाक्य सुरू झालं की मी मागच्या अंगणात जातो आणि टाकीचा नळ दुरुस्त करत बसतो. दर वर्षी तोच नळ. त्याला काहीही झालेलं नसतं.

दक्षिण सुदानात मी निळ्या टोपीच्या शांतिसेनेत होतो. हवालदार, एका सेक्शनचा प्रमुख. ‘परदेशी तैनाती’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. प्रत्यक्षात त्या तैनातीचा मोठा भाग धूळ झाडण्यात जातो. पहाटे उठायचं, पत्र्याच्या खोलीचं दार ढकलायचं, दाराशी रात्रीत साठलेली माती बाहेर लोटायची. पीटी. मग चहा, ज्यात दुधाच्या पावडरीच्या गुठळ्या बोटानं फोडाव्या लागत. पाण्याच्या टँकरमध्ये औषध टाकायचं, त्या पाण्याचा वास अंगाला, भाताला, कपड्यांना. जनरेटरची घरघर इतकी सवयीची की तो बंद पडला तरच दचकायला होई. वाळूची पोती फाटायची, ती पुन्हा भरायची. भरलेली पोती आदल्या आठवड्यात जिथून उचलली तिथंच पुन्हा रचायची. माती मात्र आपली होती. काळी, कापसाची, उन्हानं भेगाळलेली. पहिल्या दिवशी मी ती हातात घेऊन चुरली आणि मला वडिलांचं गाव आठवलं.

मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारायची, “पापा, आज आपने किसको मारा?” मी म्हणायचो, आज पोती भरली. ती फोन आईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, देऊन निघून जायची. तिचा हिरमोड मला समजायचा. माझाही थोडा व्हायचा.

आमच्या तळाला लागूनच निर्वासितांची वस्ती होती. मारामाऱ्यांत ज्यांची गावं जळाली, ती माणसं तिथं प्लॅस्टिकच्या ताडपत्र्यांखाली राहत. रेशनच्या गाड्या आल्या की ज्वारी मिळे, नाही आल्या की नाही. पण ज्वारी नुसती खाता येत नाही, शिजवायला सरपण लागतं, आणि सरपण होतं लांबच्या झाडीत. बाया एकट्या गेल्या तर परत येतीलच असं नव्हतं. म्हणून माझं रोजचं मुख्य काम हे होतं: बायांसोबत सरपणाला जाणं. पुढं पांढरी गाडी, मागं पांढरी गाडी, मधे बायांची रांग, बाजूनं आम्ही. झाडीशी पोचलो की आम्ही बाहेर तोंड करून उभे आणि त्या आत लाकडं तोडणार. त्यांच्या कोयत्यांचा ठकठक आवाज, मधेच हसणं, मधेच कुणाचं तरी रडणं. मग मोळ्या डोक्यावर घेऊन परत. असं रोज. मी बंदूक घेऊन बायांच्या लाकडांची राखण करत होतो. आज विचाराल तर फौजेतलं माझं सगळ्यात सरळ काम तेच होतं.

त्या बायांची पुढारी मेरी. उंच, कपाळावर जुन्या रेघा गोंदल्यासारख्या, शाळेत शिकलेलं इंग्रजी थोडंसं. माझंही तेवढंच. त्यामुळे आमचं बरं जमायचं. दोघांनाही तेच पन्नासएक शब्द यायचे. तिला माणसं मोजायची सवय होती. निघताना मोजायची, येताना मोजायची, आणि मग माझ्या जवानांनाही मोजायची. “तुझेही सगळे आले,” म्हणायची.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढची कळणार नाही. तळाच्या आत आम्ही उत्तम जेवत होतो. डाळ, भात, भाजी, पोळी, ठरल्या वारी कोंबडी, रविवारी खीर. लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा, कुक शिंदे हाताचा सढळ होता. उरलेलं अन्न तळामागच्या खड्ड्यात जायचं आणि वर माती पडायची. कुंपणाच्या पलीकडे वाटायचं नाही, असा आदेश होता. एकाला दिलं तर दारात झुंबड उडेल, चेंगरतील, हे कारण खरं होतं. आदेश चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. पण खिरीचं पातेलं खड्ड्यात उलटं होताना वारा वस्तीकडे वाहत असेल, तर त्याची दिशा बदलेपर्यंत मी श्वास धरून उभा राहायचो. वास काय मी श्वास धरल्यानं थांबणार होता?

त्या वर्षीच्या छेरछेऱ्याला सकाळीच आईचा फोन आला. तिनं सूप दाखवलं, पाट दाखवला, दारातले लोक दाखवले. “तू असता तं तुह्या हातानं दिलं असतं,” म्हणाली. माझं मन भरून आलं होतं. झाडीशी मी उभा असताना मेरीनं विचारलं, आज हवालदार गप्प का? आणि मी, गप्प बसायचं सोडून, माझ्या त्या पन्नास शब्दांत सण सांगत बसलो. आज माझ्या गावात सगळे पिशवी घेतात. घरोघरी जातात. धान्य मागतात. मोठा माणूससुद्धा मागतो. कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं वाईट. मी घरी नाही, म्हणून मला दुःख.

मेरीनं नीट ऐकलं. मोळी बांधता बांधता तिनं बाकीच्या बायांना ते सांगितलं. त्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला बरं वाटलं. आपला सण आपण परदेशात पोचवला, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी बाया जमल्या, पण कोणाच्या हातात कोयता नव्हता. प्रत्येकीच्या हातात गाठ मारलेलं फडकं. मेरी पुढं आली आणि म्हणाली, “पिशवी कुठंय?”

मला काही कळेना.

“तू काल मागितलंस,” ती म्हणाली. “तुझा सण आहे. तू घरापासून लांब आहेस. तुझी घरं इथं नाहीत. मग आम्हीच.”

मी मागितलं नव्हतं. मी फक्त सांगत होतो. पण रेशनच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या माणसाला असा सण निव्वळ ऐकायला म्हणून कोण सांगेल? तिनं ऐकलं ते बरोबरच ऐकलं. लांबून आलेला एक माणूस दिवस पाहून धान्य मागतोय, आणि त्याला नाही म्हणणं वाईट, हे त्यानंच सांगितलंय.

मागं माझे जवान उभे. पुढं त्या बाया. नको म्हणायला तोंड उघडलं, तर माझंच कालचं वाक्य आडवं आलं. देणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही; मग मागणाऱ्यानं नको म्हणायचं की नाही, याचा विचार आमच्या घरात कोणी केलाच नव्हता. आम्ही कधी मागायला गेलोच नव्हतो. पिशवी नव्हती. गळ्यातला निळा स्कार्फ सोडला आणि दोन्ही हातांवर पसरला.

एकेक गाठ सुटत गेली. ज्वारी. लालसर, थोडी पांढरी, मधे खडे. कोणाची मूठ, कोणाची अर्धी. एका म्हातारीनं फडकं झटकून त्याच्या शिवणीत अडकलेले दाणेही बोटानं काढून टाकले. ती हसत होती. सगळ्याच हसत होत्या, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं. आयुष्यात गोळीला घाबरलो, साहेबाला घाबरलो, पण त्या मुठींसमोर जी लाज वाटली ती कधी वाटली नव्हती. पोटात आदल्या दिवशीची खीर होती.

दुपारी शिंदेनं ती ज्वारी मिक्सरमध्ये दळली. जुनी होती, भाकरी थापताना चिरत होती. तो सांभाळून थापत होता. सेक्शनला वाटून एकेक तुकडा आला. मिरचीच्या ठेच्याबरोबर पहिला घास तोंडात टाकला आणि जिभेला ओळख पटली. तीच कडसर गोडी, लहानपणी गावाहून डबा यायचा त्यातली. इतक्या वर्षांनी भाकरी भेटली ती अशी. एक जवान म्हणाला, “उस्ताद, हे पचंल का आपल्याला?” मी सगळी खाल्ली. टाकता येत नव्हती आणि गिळता येत नव्हती, पण खाल्ली.

पुढच्या फेरीला मी माझ्या कोट्यातले बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो. आदेश मोडून, शर्टात लपवून. मेरीनं पुडे बघितले आणि परत माझ्या हातात दिले. “आम्ही मागितलं नाही,” म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज. मग नेहमीप्रमाणं बाया मोजल्या, जवान मोजले आणि चालायला लागली.

तेव्हापासून ती लाज माझ्यापाशी आहे. गुन्हा केला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. गुन्ह्याला शिक्षा असते, ती भोगून माणूस मोकळा होतो. मी काही केलं नव्हतं. मी फक्त घेतलं होतं, आणि घेण्याची मला सवय नव्हती. आमच्या घराण्याचा सगळा ताठा देण्यावर उभा. तिकडून आलो ते छातीवर पदक घेऊन, स्टेशनवर हार, पाऱ्यात मिठाई. आईनं विचारलं, “तिकडं लोकायले खायाले देत होते नं तुमी?” मी थकलेलो होतो, “हो” म्हणालो. तो ‘हो’ तिनं सुपात घालून वर्षानुवर्षं वाटला.

मेरीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. त्या भागात पुन्हा पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मी शंकर नगरच्या कचेरीत दारावर उभा होतो, आणि साहेबांची गाडी येत होती, आणि मी सलाम ठोकला.

या वर्षी आईचा हात थरथरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सूप तिला आता जड होतं. म्हणाली, “यंदा तू बस पाटावर. माह्यानं नाही होत.” मी म्हणालो, नळ बघायचाय. आई चिडली. “काहून रे? दर सालचं तुहं हेच. लोकायले चार मुठी द्यायची लाज वाटते का तुले?”

हो, असं म्हणायला हवं होतं. मी अंगणात गेलो.

बाहेर गलका आला. दुकालूची मंडळी. कुणाच्या हातात थैली, कुणाचा गमछा, कुणाची प्लॅस्टिकची पिशवी. “छेरछेरा!” आईची मूठ पडल्याचा आवाज, आणि मागोमाग ते वाक्य. “माह्या पोरानं तिकडं...”

माझ्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला आणि दारात आलो.

“आई, मी नाही जेवू घातलं कोनाले,” मी म्हणालो. “त्यायनं मले घातलं.”

“काय म्हनतं?”

सगळ्यांसमोर सांगितलं. फार वेळ लागला नाही. फाटक, मेरी, स्कार्फ, म्हातारीचं झटकलेलं फडकं. खिरीचं पण सांगितलं. आईची मूठ सुपातच राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला ओळखीचं होतं. त्या दिवशी फाटकाशी माझाही चेहरा तसाच असणार. “रेशनातलं?” तिनं विचारलं. “त्यायच्या रेशनातलं घेतलं तू?” आणि पाटावरून उठून आत गेली.

मला वाटलं, संपलं. चांगल्या दिवशी आईचं मन मोडलं. पण दुकालू आपला दाढी खाजवत उभा. म्हणाला, “त तहूं छेरछेरा मांगे हस, भैया! एमा लजाए के का बात हे? झोला धर, चल.” मीही छेरछेराच मागितला, त्यात लाजायचं काय; त्याला त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. मागितलं, मिळालं, खाल्लं. मग पुढचं दार.

ट्रंकेतून तो निळा स्कार्फ काढला. घडीच्या रेघा तशाच होत्या. आणि पन्नाशी उलटलेला मी, निवृत्त हवालदार, पहिल्यांदा छेरछेरा मागायला निघालो.

पहिल्या दारात मी दुकालूच्या मागं राहिलो. दुकालूनं ‘छेरछेरा’ म्हटलं, मी स्कार्फ पुढं केला. दुसऱ्या दारात ओळखीच्या वहिनी होत्या. “अरे भैया, आप?” म्हणाल्या आणि त्यांनाच कसंतरी झालं. मला मेरीचं “पिशवी कुठंय?” ऐकू आलं. तिसऱ्या-चौथ्या दारानंतर हात सैल झाले. मूठ पडते तेव्हा कापडाला किंचित ओढ बसते. ती ओढ हातांना आठवत होती. लाज गेली नाही, खोटं कशाला बोलू; पण एवढ्या माणसांत वाटली गेली की तिचं ओझं उचलण्याइतकं होतं.

गल्ली संपवून आम्ही आमच्याच दाराशी आलो. आई पुन्हा पाटावर बसलेली. डोळे पुसल्यासारखे लाल, की ऑपरेशनमुळे, सांगता येत नाही. तिनं सगळ्यांच्या झोळ्यांत पुन्हा मूठ-मूठ टाकली. या वेळी ते वाक्य मात्र नव्हतं. मी सगळ्यात शेवटी स्कार्फ धरून उभा राहिलो, स्वतःच्याच दारात, आणि मान खाली घातली.

सूप सरकल्याचा आवाज झाला. मूठ काही पडली नाही. वर बघितलं, तर आईनं सूप बाजूला ठेवलं होतं. पाटावरून ती कष्टानं उठली, भिंतीला धरून. मग दोन्ही हातांनी पदर पसरला आणि माझ्यासमोर धरला.

“दे,” म्हणाली. “त्या बाईनं तुले देल्लं तसं. मले बी दे.”

मी स्कार्फमधून मूठ भरली.